पाटीवर 'वकिलात' नाही, पण काम वकिलातीचेच

कसबा बावड्यातली मुले आता शिकायला परदेशाचे नाव काढू लागली आहेत. कुणी जर्मनी म्हणतो, कुणी तैवान. तैवानचा विषय निघाला की पालक आम्हाला हमखास विचारतात, "सर, तैवानची वकिलात कुठाय?" खरे उत्तर असे की, भारतात तैवानची वकिलातच नाही. मग व्हिसा कोण देतो?

दोन देशांत राजनैतिक संबंध असले की एकमेकांकडे राजदूत जातो आणि वकिलात, म्हणजे आपल्या उर्दूतला सिफारतखाना, उघडतो. 1949 साली चीनमध्ये कम्युनिस्टांची सत्ता आली आणि आधीचे सरकार तैवान बेटावर गेले. भारताने 30 डिसेंबर 1949 रोजी बीजिंगच्या सरकारला मान्यता दिली. जो बीजिंगला मानतो त्याने तैवानला वेगळा देश मानू नये, ही चीनची अट. म्हणून तैवानशी राजदूतांची देवाणघेवाण नाही.

पण व्यापार, शिक्षण आणि माणसांची ये-जा काही थांबत नाही. त्यासाठी 1995 मध्ये वाट निघाली. दिल्लीत 'तैपेई आर्थिक आणि सांस्कृतिक केंद्र' आले आणि तैपेईत 'इंडिया-तैपेई असोसिएशन'. नाव बघा, त्यात तैवान नाही, फक्त राजधानीचे शहर आहे. प्रमुखालाही राजदूत म्हणत नाहीत. पुढे 2012 ला चेन्नईत आणि ऑक्टोबर 2024 मध्ये मुंबईत असेच केंद्र उघडले. व्हिसा देणे, कागदपत्रे प्रमाणित करणे, आपल्या नागरिकांना अडचणीत मदत करणे, ही वकिलातीचीच कामे तिथे होतात.

पॅलेस्टाईनचे उदाहरण याच्या उलट आहे. भारताने 1988 मध्ये पॅलेस्टाईनला देश म्हणून मान्यता दिली. तरी तिथले भारताचे कार्यालय, जे 1996 मध्ये गाझात सुरू झाले आणि 2003 मध्ये रामल्लाला हलले, ते 'प्रतिनिधी कार्यालय'च म्हणवते. म्हणजे पाटीवरचे नाव राजकारण ठरवते. त्यावरून आतल्या शिक्क्याची किंमत ठरवू नये.

पालकांनी एक गोष्ट नीट लक्षात ठेवावी. बऱ्याच देशांत आपल्या परराष्ट्र मंत्रालयाचा 'अपोस्टिल' शिक्का पुरतो. तैवान त्या करारात नाही. त्यामुळे मार्कशीट, पदवी यांवर आधी मंत्रालयाचे साक्षांकन आणि मग तैपेई केंद्राचे प्रमाणीकरण, असा क्रम असतो. प्रवेशपत्र हातात येताच याची चौकशी सुरू करा, नाहीतर सत्र सुरू व्हायची वेळ येते आणि कागद अडकून पडतात.

आणि कुणी एजंट म्हणाला, "त्यांची वकिलातच नाही, सगळं आम्हीच मॅनेज करतो," तर पाकीट उघडू नका. वकिलात नाही हे खरे, पण अधिकृत दार आहे. आधी तिथेच विचारा.