पणजोबांचा तांडा कुठून आला?

माझ्या पणजोबांचं मूळ घरात कुणालाच सांगता येत नव्हतं. ‘खालच्या मुलुखातून आले’ एवढंच दादी म्हणायची. आम्हा बंजाऱ्यांच्या वंशशोधाची गाठ इथेच बसते. आपण गाव विचारतो आणि पूर्वजांना गावच नव्हतं. होता तो तांडा, बैलांच्या पाठीवर मीठ नि धान्य लादून चालणारा. १८६७ साली मुंबईची रेल्वे वऱ्हाडातून नागपूरला पोचली, हळूहळू ही बैलांवरची वाहतूक, म्हणजे लदेणी, मोडली आणि तांडे शेतीकडे वळले. कागद सापडतात ते बहुतेक त्यानंतरचे.

आधी घरातली पेटी उघडावी. विमुक्त जातीच्या दाखल्यासाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा पुरावा लागतो, त्यामुळे कुण्या काकाने कधीकाळी काढलेली नक्कल घरातच निघते. मग शाळेचं दाखल-खारीज रजिस्टर आणि तहसीलमधलं कोतवाल बुक, म्हणजे गावोगावच्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदी. तिथे आडनाव शोधत बसू नये. आज घरात राठोड असलेला माणूस त्या पानावर नुसता ‘अमुक वल्द तमुक’, म्हणजे तमुकचा मुलगा अमुक, असतो आणि जातीपुढे कधी बंजारा, कधी लमाण. वल्दपुढचं नाव जपून उतरवून घ्यावं, कारण तिथे आणखी एक पिढी हाती लागते. मला पणजोबांच्या वडिलांचं नाव असंच मिळालं. जुना वाशीम जिल्हा १९०५ मध्ये मोडून अकोला आणि यवतमाळात वाटला गेला, १९९८ मध्ये तो पुन्हा झाला. म्हणून चौकशी तिन्हीकडे करावी.

कागद संपला की पोहरादेवी.

हे मी भक्तीपोटी म्हणते, आणि शोधाच्या अनुभवानेही. आमचे संत सेवालाल महाराज यांचा जन्म आंध्रातल्या अनंतपूरकडचा, समाधी इथे मानोरा तालुक्यात, पोहरादेवीला. तीच वाट कितीतरी तांड्यांची. रामनवमीला तेलंगण, कर्नाटक, आंध्रातून माणसं येतात आणि रामरामी झाली की पहिला प्रश्न गोताचा. पुढचा पाड्याचा, म्हणजे गोताच्या पोटशाखेचा. सोयरीक जुळवताना हे दोन्ही लागतात, म्हणून आडनाव बदललं तरी ते टिकून राहिले. आमच्याकडचा राठोड तेलंगणात भुक्या म्हणून भेटतो. वसंतराव नाईकांचं घराणंही राठोडच. नाईक हे तांड्याच्या नायकीवरून आलेलं.

यात्रेत आदिलाबादकडच्या एका म्हाताऱ्या काकांना मी गोत, पाडा आणि ते वल्दपुढचं नाव सांगितलं. त्यांनी तांड्याच्या नायकाचं नाव विचारलं. ते मला ठाऊकच नव्हतं. नाव एकट्या माणसाचं असलं तर शंभर ठिकाणी जुळतं, नायकासकट जुळलं तर तो आपला माणूस, असं त्यांचं म्हणणं. आणि मला ते पूर्ण पटलं. आमच्याकडे कितीतरी तांडे नायकाच्याच नावाने ओळखले जातात, तरी मी ते विचारलं नव्हतं.

परत आल्यावर तांड्यातल्या सगळ्यांत वयस्कर याडीकडे, म्हणजे आईकडे, बसले. तिने नायकाचं नाव सांगितलं, त्याच्या दोन भावांची सांगितली, आणि गोदावरी उतरून आल्याचंही. सगळं फोनवर रेकॉर्ड करून घेतलं. आता ती नावं आदिलाबादच्या काकांना कळवली आहेत. पुढच्या रामनवमीला ते त्यांच्याकडच्या वंशावळ सांगणाऱ्या भाटाला सोबत आणणार आहेत.