फ्रेंचमधला पोथीतला भूतकाळ

पोथीतला राजा ‘बोलता झाला’ असतो. घरात मात्र कोणी तसे बोलत नाही. फ्रेंचमध्येही केवळ लेखनात उरलेला असाच एक भूतकाळ आहे : पासे सँप्ल. वर्गात संभाषणासाठी आपण पासे काँपोझे शिकतो आणि मोपासाँची ‘ला पार्यूर’ (१८८४) उघडताच अडतो.

‘पार्ले’ (बोलणे) या वर्गातील नियमित क्रियापदांची रूपे उच्चारात अशी : ज पार्ले, त्यु पार्ला, इल पार्ला, नू पार्लाम, वू पार्लात, इल पार्लेर. ‘फिनीर’ (संपवणे) व ‘वाँद्र’ (विकणे) यांना ‘ई’ लागते. एकवचनी तिन्ही पुरुषांत फिनी, वाँदी. अनेकवचनी फिनीम, फिनीत, फिनीर. (हे शेवटचे रूप ऐकायला थेट मूळ क्रियापदच!)

खरी अडचण पाठांतराची नाही, ओळखण्याची आहे. ‘इल फिनी’ वर्तमानकाळीही तसेच लिहितात. शेजारची क्रियापदे पाहूनच काळ ठरवावा लागतो. ‘वाँद्र’चा असा घोळ नाही : ‘इल वाँ’ म्हणजे तो विकतो, ‘इल वाँदी’ म्हणजे त्याने विकले.

ज्यांच्या घरी विचारायला कोणी नाही, अशा आपल्यासारख्यांनी आधी तृतीय पुरुषाची दोन रूपे पक्की करावीत. बहुतेक गोष्टी त्यांवरच चालतात. कामूच्या ‘लेत्राँझे’त (१९४२) मात्र हा काळ शोधावाच लागतो, तिथला नायक आपली हकिगत बोलीतल्या भूतकाळात सांगतो.