उधन्याचे माग आणि विजेचा करार

दिवाळीच्या सुमारास सुरतेच्या उधना भागातील मागांचा खडखडाट काही दिवस थंडावतो. कारागीर आपापल्या गावी गेलेले असतात. उधन्याहून जळगावकडे जाणाऱ्या गाड्यांत पाय ठेवावयास जागा नसते. माग बंद, पण विजेचे बिल मात्र यावयाचे ते येतेच, आणि वापराच्या मानाने पाहता अवाच्या सवा येते. त्याचे कोडे लहान कारखानदारास पुष्कळदा उलगडत नाही; कारण ते वापरात नसून करारात दडलेले असते.

गुजरातेत ४० किलोवॅटहून अधिक भार घेणाऱ्या उद्योगास युनिटांच्या जोडीला ‘मागणी आकार’ भरावा लागतो. महिन्यात प्रत्यक्ष गाठलेली कमाल मागणी किंवा करारातील मागणीचे ८५ टक्के, यांपैकी जे अधिक ते हिशेबास धरले जाते. म्हणजे ८० किलोवॅटचा करार करून ज्याने ३० किलोवॅटच वापरले, त्याने ६८ किलोवॅटचा आकार भरावयाचा! उलट करार तोकडा ठेवून मर्यादा ओलांडली, तर वाढीव मागणीस चढा दर आहेच. मागील १२ महिन्यांची बिले समोर ठेवून कमाल मागणीचा आकडा पाहिला, तर करार सैल आहे की घट्ट हे तासाभरात कळते. पण कित्येकांचा करार गाळा विकत घेताना पूर्वीच्या मालकाकडून जसा आला तसाच चालत राहिलेला असतो. सुताच्या भावात पैशापैशाची घासाघीस करणारा हा व्यापारी विजेचा कागद मात्र न वाचता फाइलीत लावतो, याचे आम्हांस नवल वाटते.

पुरवठादारच बदलता येईल काय, हा खरा प्रश्न. सुरतेच्या जुन्या हद्दीत टोरेंट वीज पुरविते. तिने सुरत इलेक्ट्रिसिटी कंपनी १९९७ साली आपल्याकडे घेतली. हद्दीबाहेर दक्षिण गुजरात वीज कंपनी आहे. ती २००५ साली गुजरात वीज मंडळाच्या विभाजनातून निघाली. गाळा रेषेच्या कोणत्या बाजूस, यावर दुकानदार ठरतो. गिऱ्हाइकाच्या पसंतीवर नव्हे. मुंबईच्या उपनगरांत निराळे घडले. सर्वोच्च न्यायालयाच्या २००८ च्या निकालानंतर २००९ साली तेथील ग्राहकांस रिलायन्सच्याच तारांवरून टाटांची वीज घेण्याची मुभा मिळाली, आणि असंख्य ग्राहक तिकडे वळले. पुढे या पालटलेल्या ग्राहकांवर अधिभार बसले, ही गोष्टही विसरता कामा नये.

२००३ च्या वीज कायद्याने खुल्या प्रवेशाचे, म्हणजे दुसऱ्या उत्पादकाची वीज याच तारांवरून आणण्याचे, दार उघडले खरे. परंतु त्याचा उंबरठा १ मेगावॅटचा, म्हणजे गिरण्यांच्या उंचीचा होता. २०२२ च्या केंद्रीय नियमांनी सौर, पवन आदी हरित विजेपुरता तो १०० किलोवॅटवर आणला. आता उधन्याचा हिशेब मांडून पाहावा. साध्या मागाची मोटार एक अश्वशक्तीची, म्हणजे पाऊण किलोवॅटची धरली, तर ४८ मागांच्या कारखान्याचा भार ३६ किलोवॅट होतो. शंभराचा पल्ला गाठावयास सुमारे १३४ माग हवेत! शिवाय वहन आकार, क्रॉस सबसिडी अधिभार व अतिरिक्त अधिभार जोडल्यावर स्वस्त दिसणारी वीज कितपत स्वस्त उरते, हे ज्याचे त्याने कागदावर मांडूनच सही करावी. पंचवीस वर्षांच्या करारात पहिल्या वर्षाचा दर पाहून भुलणे म्हणजे लग्नात केवळ वरात पाहण्यासारखे आहे.

उधन्याच्या उद्योगनगराचा कारभार सहकारी संघाने चालविला आहे. अशा संघास आपल्या सभासदांचा भार एकत्र करून एक ग्राहक म्हणून करार करू द्यावा, अशी आमची सूचना आहे. एकाच ग्राहकाच्या एका विभागातील अनेक जोडण्यांची बेरीज नियमांस चालते. मग एकाच आवारातील चार शेजाऱ्यांची का चालू नये? गुजरात वीज नियामक आयोगाने या प्रश्नावर जाहीर सुनावणी घ्यावी, आणि मागवाल्यांनी तेथे आपली बिले घेऊन हजर व्हावे.