त्वचेवरचे चित्र आणि मनातला संकल्प
जपानी गोंदणकलेची परंपरा व प्रतीके

पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या औद्योगिक पट्ट्याला जपान आता परका राहिलेला नाही. ब्रिजस्टोनसारख्या जपानी कंपनीचा कारखाना चाकणला उभा आहे. पुण्यात सिंहगड रस्त्यावरचे पु. ल. देशपांडे उद्यान ओकायामा शहरातील कोराकुएन उद्यानाच्या धर्तीवर साकारले आहे. कारखान्यांना पोलाद, हार्डवेअर, पॅकिंगचा माल पुरवणाऱ्या पेढ्यांवरील नवी पिढी व्यवहारासाठी जपानी भाषा शिकते आणि भाषेबरोबर त्या देशाची चित्रेही घरात येतात. टॅटूच्या दुकानातील नमुन्यांत उसळत्या पाण्यातला कोई मासा, ढगांतला ड्रॅगन, फुललेली चेरी हमखास असते. मुलगा म्हणतो, ‘मला हे आवडले आहे’. वडीलधारे म्हणतात, ‘आपल्या घरात हे चालणार नाही’. त्या चित्राचा अर्थ मात्र बहुधा दोघांनाही ठाऊक नसतो.

अंगावर खूण उमटवणे महाराष्ट्राला नवे नाही. कपाळावरची चिरी, हनुवटीवरचा ठिपका, हातावरची तुळस किंवा विंचू हे गोंदण गावोगावच्या स्त्रियांनी पिढ्यान्‌पिढ्या मिरवले. दागिने येथेच राहतात, गोंदण तेवढे मेल्यावर सोबत येते, अशी त्यामागची श्रद्धा. राजस्थानातून व्यापारानिमित्त इकडे आलेल्या कुटुंबांतील आजी-पणजींच्या हातांवरही अशा खुणा असत. म्हणून प्रश्न गोंदवण्याचा नसून त्यामागच्या समजुतीचा आहे.

जपानमध्ये या कलेला ‘इरेझुमी’ म्हणतात. शब्दाचा अर्थ ‘शाई आत घालणे’. तिच्या इतिहासात मान आणि अपमान शेजारी-शेजारी नांदले. १७२० मध्ये शोगुन तोकुगावा योशिमुने यांच्या राजवटीत गुन्हेगाराच्या अंगावर खूण गोंदण्याची शिक्षा सुरू झाली. त्यानंतर शतकभराने, १८२७ पासून, चित्रकार उतागावा कुनियोशी यांनी ‘सुइकोदेन’ या मूळ चिनी कथेतील १०८ वीरांची चित्रे छापण्यास प्रारंभ केला. त्यांतील कित्येक वीरांच्या अंगावर ड्रॅगन आणि फुले गोंदलेली होती. ही चित्रे अफाट खपली आणि एडो शहरातील, म्हणजे आजच्या टोकियोतील, कष्टकऱ्यांनी ती स्वतःच्या पाठीवर उतरवून घेतली. आगीशी झुंजणाऱ्या बंबवाल्यांना ड्रॅगन विशेष प्रिय होता, कारण जपानी समजुतीत तो पाण्याचा स्वामी आहे.

या चित्रांना ठरलेली भाषा आहे. कोई मासा प्रवाहाविरुद्ध पोहत धबधबा चढतो आणि ‘ड्रॅगनद्वार’ ओलांडताच स्वतः ड्रॅगन होतो, अशी चीनमधून आलेली कथा आहे. म्हणून तो चिकाटीचे प्रतीक. ५ मे रोजी बालदिनाला जपानी घरांवर याच माशाच्या आकाराचे कापडी ध्वज फडकतात. पिओनीचे फूल समृद्धी सांगते आणि सहसा सिंहासोबत येते. चेरीचा बहर काही दिवसांतच गळतो, म्हणून तो जीवनाच्या क्षणभंगुरतेची आठवण देतो. बारा भावनांतील पहिली अनित्य भावना ज्यांच्या चिंतनात आहे, त्यांना हे प्रतीक सहज उमगेल. वसंतातली चेरी आणि शरदातली मेपलची पाने जाणकार कलाकार सहसा एका चित्रात येऊ देत नाही. सिंह दिसताच भगवान महावीर आणि सर्प दिसताच भगवान पार्श्वनाथ ओळखणाऱ्या जैन वाचकाला लांछनांची ही शिस्त अपरिचित वाटू नये.

त्या प्रतीकांतील काहींचे मूळ तर भारतातच सापडते. ज्वालांनी वेढलेला, हाती तलवार आणि दोर घेतलेला ‘फुदो म्योओ’ हा मूळचा ‘अचल’. बौद्ध धर्माबरोबर तो चीनमार्गे जपानला पोहोचला. वीणेसारखे वाद्य धारण करणारी ‘बेनझाइतेन’ ही आपली सरस्वती. जपानी नकाशांत बौद्ध मंदिराची खूण म्हणून स्वस्तिकच छापले जाते.

या परंपरेचे खरे वेगळेपण मात्र प्रतीकांपेक्षा तिच्या लपवण्यात आहे. ‘तेबोरी’ पद्धतीत दांडीच्या टोकाला सुयांचा जुडगा बांधून हाताने शाई टोचतात. पूर्ण पाठीचे काम महिनोन्‌महिने, कधी वर्षांवर चालते. शिष्य गुरूच्या घरी राबून ही विद्या मिळवतो. एवढ्या खर्चाने आणि वेदनेने घडलेले चित्र कपड्यांखाली झाकलेले राहते. छातीच्या मधोमध पट्टा कोरा ठेवतात, म्हणजे किमोनो थोडा उघडला तरी काही दिसत नाही. त्याच काळात व्यापाऱ्यांना भारी रेशीम मिरवण्यास बंदी होती, तेव्हा एडोतील श्रीमंत व्यापारी साध्या झग्याला आतून उंची अस्तर लावीत. वैभव आत, साधेपणा बाहेर. गुप्तदानाचे महत्त्व जाणणाऱ्या व्यापारी समाजाला ही वृत्ती समजावून सांगावी लागत नाही. आज मात्र तीच चित्रे दिसावीत म्हणूनच दंडावर आणि मानेवर काढली जातात.

जपानी समाजाची नजरही ध्यानात घ्यावी लागते. १८७२ मध्ये सरकारने गोंदणावर बंदी घातली, ती १९४८ पर्यंत टिकली. गंमत अशी की, बंदीच्या काळातच, १८८१ मध्ये, इंग्लंडचे भावी राजे पाचवे जॉर्ज जपानला गेले असता हातावर ड्रॅगन गोंदवून परतले. पुढे याकुझा टोळ्यांमुळे गोंदण आणि गुन्हेगारी हे समीकरण घट्ट झाले. २०२० मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने या कामासाठी वैद्यकीय परवान्याची गरज नसल्याचा निर्णय दिला, तरी अनेक उष्ण झऱ्यांच्या स्नानगृहांत गोंदण असलेल्यांना आजही प्रवेश मिळत नाही. ज्या चित्रावर प्रेम करून ते अंगावर घेतले, तेच जपानी ग्राहकासोबतच्या बैठकीत बाहीखाली झाकावे लागेल, हे तरुणाने आधीच जाणलेले बरे.

जैन कुटुंबापुढे आणखीही काही प्रश्न उभे राहतात. पारंपरिक जपानी शाई काजळी आणि प्राणिज सरस यांपासून बनते. आजच्या काही शाईंतही हाडांचा कोळसा किंवा प्राणिज ग्लिसरीन असू शकते. पूर्णतः वनस्पतिजन्य शाईही मिळते, परंतु ती मागून, घटक वाचून घ्यावी लागते. श्रद्धेपोटी तीर्थंकरांची प्रतिमा किंवा नवकार मंत्र अंगावर गोंदवण्याची इच्छा कोणाला होते. पण शरीर सर्व अवस्थांतून जाते आणि पवित्र अक्षरेही त्याबरोबर जातात, तेव्हा आशातनेचा विचार साधु-साध्वींना विचारूनच करावा. आणखी एक व्यावहारिक बाब : टॅटू काढल्यानंतर १२ महिने रक्तदान करता येत नाही. महावीर जन्मकल्याणकाच्या शिबिरात दरवर्षी रांगेत उभा राहणारा तरुण त्या वर्षी रांगेबाहेर राहील.

हे सारे मांडून घरातल्यांनी एकत्र बसावे. मुलाने कोई माशाची कथा आजीला सांगावी, आजीने हनुवटीवरच्या ठिपक्याची कथा मुलाला सांगावी. मग निर्णय कोणताही होवो, तो नुसत्या हौसेचा किंवा नुसत्या नकाराचा राहणार नाही. शरीर येथेच राहते आणि कर्म आत्म्याबरोबर जाते, असे जैन दर्शन मानते. प्रवाहाविरुद्ध पोहण्याचा निश्चय ज्याला खरोखर करायचा आहे, त्याच्यासाठी घरात पच्चक्खाणाची परंपरा आहेच. ते घेताना सुई लागत नाही आणि ते पाळले आहे की नाही, हे घेणाऱ्यालाच ठाऊक असते.