जखम भरली, तरी दुखणे का राहते?



हर्नियाचे ऑपरेशन झाले, टाके निघाले, जखम सुकली. पण चार महिने उलटले तरी पोते उचलताना जांघेत चमक निघते, कपड्याचा स्पर्शही झोंबतो. इकडे मोहनखेडा-राजगडच्या शिवारात सोयाबीन कापणीला आलेले असते. घरचे म्हणतात, "कामाचा कंटाळा, दुसरे काय!" बिचारा माणूस एक तर दात-ओठ खाऊन राबतो, नाही तर खाट धरतो. आमच्या मते दोन्ही चूकच.

हे दुखणे खरे असते

ऑपरेशननंतर तीन महिन्यांहून अधिक काळ राहणाऱ्या वेदनेला वैद्यकशास्त्र स्वतंत्र आजार मानते. जांघेच्या हर्नियानंतर शंभरातील सुमारे दहा जणांना असा त्रास राहतो. कारण सोपे आहे. त्या जागेतून तीन बारीक मज्जातंतू जातात. कापताना, शिवताना किंवा जाळी बसवताना एखादा ताणला वा दुखावला जातो. पुण्याचे डॉ. मोहन देसरडा यांनी २००१ मध्ये जाळीऐवजी रुग्णाच्याच पोटाच्या स्नायूवरील पडद्याची पट्टी वापरण्याची पद्धत प्रसिद्ध केली. पण पद्धत कोणतीही असो, मज्जातंतू तेथेच असतात.

कातडी पंधरवड्यात सांधते. मज्जातंतू मात्र दिवसाला जेमतेम एक मिलिमीटर, म्हणजे महिन्याला इंचभर वाढतो. तोवर तो मेंदूला खोट्या हाका मारतो: मुंग्या, जळजळ, सुई टोचल्यासारखी कळ. त्या भीतीने आपण वाकडे चालतो, मग कंबर व मांडीचे स्नायूही आखडतात. म्हणून प्रत्येक कळ म्हणजे टाका तुटला असे नव्हे.

काम कसे करावे?

१. डॉक्टरांनी कामाची परवानगी दिल्यावर दुखेपर्यंत नव्हे, घड्याळ पाहून काम करा. तासाभराने कळ येत असेल तर पाऊण तासातच थांबा, थोडे चाला, मग पुन्हा लागा. दर आठवड्याला थोडी वाढ करा. बरे वाटले म्हणून एका दिवसात सारे शेत कापू नका.

२. पोते अर्धे भरा किंवा दोघांनी उचला. गुडघ्यात वाका, ओझे अंगाजवळ धरा, उचलताना श्वास सोडा. फवारणीच्या सोळा लिटरच्या पंपात नुसते पाणीच सोळा किलो असते. तो अर्धाच भरा.

३. खोकला व बद्धकोष्ठ यांनी पोटावर ताण येतो. बिडी सोडा, पाणी भरपूर प्या.

४. झोंबणाऱ्या कातडीवर रोज थोडा वेळ मऊ कापड फिरवा; हळूहळू तिची सवय होते. बधिर जागी तापलेल्या विटेचा शेक नको, भाजलेले कळत नाही. बिब्बा घालणे, डाग देणे तर मुळीच नको.

औषधे

दुकानातून आणलेल्या वेदनाशामक गोळ्या महिनोन्‌महिने खाल्ल्यास पोटात व्रण होतात, मूत्रपिंड बिघडते. मज्जातंतूच्या वेदनेवर त्यांचा उपयोगही थोडाच. त्यासाठी ॲमिट्रिप्टिलिन, गॅबापेंटिन अशी वेगळी औषधे आहेत. ती मूळची मनाच्या उदासीनतेवर व फेफऱ्यावर निघाली, म्हणून चिठ्ठी पाहून घाबरू नका. ती डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावीत. गुण यायला काही आठवडे लागतात, एकदम बंदही करू नयेत. सुस्ती येत असेल तर ट्रॅक्टर व थ्रेशर दुसऱ्याकडे द्या. तरीही आराम नसेल तर मोठ्या रुग्णालयात भूलतज्ज्ञांना भेटा; ते त्या मज्जातंतूभोवती बधिर करणारे इंजेक्शन देऊ शकतात.

तेव्हा मात्र थांबू नका

ताप, जखमेतून पू, वाढती सूज, आत न जाणारी गाठ व उलट्या, लघवी अडणे, पायातली शक्ती जाणे किंवा पोटरी सुजून दुखणे, यांपैकी काही दिसले तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

अमेरिकेतील डॉ. जॉन बोनिका यांनी कुस्त्या खेळून वैद्यकीचे शिक्षण घेतले. त्यांचे सांधे झिजले, अनेक ऑपरेशने झाली, दुखणे जन्मभर राहिले. त्यांनीच १९५३ मध्ये वेदनेच्या उपचारांवर मोठा ग्रंथ लिहिला आणि आयुष्यभर रुग्ण तपासले. दुखणाऱ्या अंगानेही काम होते, पण ते बेताने करावे लागते.

आणि घरच्यांना आमची विनंती: त्याला सोंगाडा म्हणू नका. पोत्याचे दुसरे टोक धरा.