समुद्रकाठचे चढ

गोंदिया जिल्ह्यातलं गोरेगाव समुद्रसपाटीपासून सुमारे तीनशे मीटर उंच, तरी तिथल्या सायकलस्वाराला रस्ता सपाट मिळतो. समुद्राला चिकटून जाणाऱ्या कोकणच्या रस्त्यावर मात्र त्यालाच धाप लागेल. पायांना उंची कळत नाही, चढ कळतो. गोरेगावचा परिसर भाताचा, आणि भाताच्या बांधीत पाणी उभं राहायचं तर जमीन सपाटच हवी. कोकणात मात्र जांभ्याचे सडे, म्हणजे दगडी पठारं, खाड्यांनी कापलेले आहेत. गाव खाडीच्या काठाला आणि पुढची वाट सड्यावरून, त्यामुळे रस्ता दर काही मैलांनी चढतो आणि पुन्हा पाण्यापर्यंत उतरतो. भूमध्य समुद्राच्या काठी इटलीतल्या लिगुरियातही हेच घडतं. तिथे तर डोंगर थेट समुद्रात उतरतात. म्हणून भातकापणी आणि मळणी उरकून रेवस ते रेडी हा सागरी मार्ग सायकलने करू पाहणाऱ्या जोडप्याने किलोमीटर नव्हे, चढ मोजूनच बेत आखावा.

याला हिशेबाचा आधार आहे. माणूस, सायकल आणि सामान मिळून शंभर किलो धरलं, तर शंभर मीटर उंची चढायला जेवढी शक्ती खर्च होते, तेवढ्यात सपाट डांबरी रस्त्यावर ताशी पंधरा किलोमीटरच्या वेगाने सात-आठ किलोमीटर जाता येतं. दिवसात असे पाच चढ आले, की पन्नास किलोमीटरचा पल्ला पायांना पंचाऐंशी-नव्वदचा पडतो. चढलेलं उतारावर परत मिळतं, असं कुणी म्हणेल. थोडं मिळतंही, पण वळणावळणाच्या उतारावर बरीचशी कमाई ब्रेकच्या रबरात जळून जाते, आणि वेग वाढला की हवेचा विरोध त्याच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. बिनगिअरची काळी सायकल बाजारहाटाला उत्तम, पण अशा चढावर ती हाताने ढकलावी लागते. हलके गिअर आणि भरवशाचे ब्रेक ही इथे चैन नव्हे.

दोघांच्या प्रवासात हा हिशेब आणखी नाजूक होतो. सपाट रस्त्यावर कमी ताकदीच्या जोडीदाराला पुढच्याच्या आडोशाला राहून वारा टाळता येतो, त्यामुळे दोघांतला फरक झाकला जातो. चढावर वेगच इतका कमी असतो, की आडोशाचा उपयोग उरत नाही. तिथे ज्याचं त्याचं वजन आणि ज्याची त्याची ताकद. मग सामान निम्मं-निम्मं वाटून घेणं दिसायला समान, पण प्रत्यक्षात अन्याय. ज्याच्या पायांत जास्त बळ, त्याने तंबू, हत्यारं आणि पाणी जास्त उचलावं, म्हणजे दोघं माथ्यावर जवळपास बरोबर पोहोचतात. त्यात उपकार नाही, साधं गणित आहे. आणि जास्त बळ नवऱ्याच्याच पायांत असेल, असंही नाही.

एवढा त्रास घेण्यापेक्षा मोटारसायकल का नको, हा आक्षेप रास्त आहे. फक्त पोहोचायचं असेल, तर तीच बरी. पण खाडी आणि सडा यांची आलटापालट समजून घ्यायची, तर सायकलचाच वेग हवा. शिवाय निसर्गाने टाकलेला अडथळा माणसाने हलकाही केला आहे. आगरदांडा–दिघी, वेश्वी–बागमांडले, दाभोळ–धोपावे आणि जयगड–तवसाळ इथल्या फेरीबोटी खाडीला घालावा लागणारा लांबचा वळसा वाचवतात. लिगुरियात रेल्वेमार्ग आत हलवल्यावर समुद्राकाठच्या जुन्या मार्गावर सुमारे 24 किलोमीटरची सायकलवाट झाली. आगगाडीला तीव्र चढ चालत नाही, म्हणून ती वाट जवळपास सपाट आहे. कोकणात खाड्यांवर पूल होतील तेव्हा अंतर आणखी घटेल, पण भरधाव गाड्याही वाढतील. पुलावर सायकलसाठी वेगळी पट्टी ठेवण्याची मागणी त्यासाठी आत्ताच करायला हवी.

आपल्या भागात नवेगाव–नागझिरा असताना इतक्या लांब का जायचं, असंही कुणी विचारेल. सरावाची सुरुवात इथूनच करावी, पण वाघाच्या जंगलालगतचे रस्ते अंधार पडण्याआधी सोडावेत. दरेकसाच्या डोंगराळ भागात भरलेल्या सायकलींवर दोन दिवस काढले, की सामान किती फाजील आहे ते कळतं. मग थंडीत किनाऱ्यावर उत्तरेकडून दक्षिणेकडे निघावं. दुपारचा समुद्रवारा बहुधा वायव्येकडून येतो, तो पाठीशी राहील. रोजचा पल्ला मात्र दोघांपैकी जो आधी थकतो, त्याच्या पायांनी ठरवावा.