निसटणारा तारा आणि दुर्बिणीचे चलित्र

पृथ्वी स्वतःभोवती २३ तास ५६ मिनिटे ४ सेकंदांत एक फेरी पुरी करते. तिच्या या भ्रमणामुळे खगोलीय विषुववृत्तावरील तारा दर सेकंदास सुमारे १५ विकला पश्चिमेकडे सरकताना दिसतो. त्याच गतीने दुर्बीण त्याच्या मागोमाग फिरविणे, एवढेच बैठकीतील विद्युत्-चलित्राचे काम होय. परंतु रायपूरसारख्या शहरातील एखाद्या शाळेच्या गच्चीवर दुर्बीण मांडावी, कळ दाबावी, चलित्राची घरघर ऐकू यावी आणि तारा मात्र दृष्टिक्षेत्राबाहेर निघून जावा, असा अनुभव विरळा नाही. अशा वेळी चलित्र उघडण्याची घाई होते आणि पुष्कळदा त्यानेच दंतचक्रांची जुळणी बिघडते. वास्तविक दोष कोठे आहे हे तो निसटणारा ताराच सांगत असतो.

मृगातील बाणाच्या तीन ताऱ्यांपैकी पश्चिमेकडील तारा विषुववृत्तावरच आहे म्हटले तरी चालेल. त्यावर दुर्बीण रोखून, चलित्र बंद ठेवून, तारा क्षेत्राच्या मध्यापासून कडेपर्यंत जाण्यास किती वेळ घेतो ते घड्याळात पाहावे. मग चलित्र चालू करून हीच मोजणी पुन्हा करावी. वेळ तेवढाच लागला, तर गती अक्षापर्यंत पोहोचतच नाही. पकड सैल असेल किंवा मळसूत्र दंतचक्रात नीट बसलेले नसेल. वेळ निम्माच लागला, तर अक्ष उलट फिरत आहे. दक्षिण गोलार्धासाठी असलेली कळ चुकून लागली असावी.

तारा मागेपुढे डोलत असेल, तर त्या डोलण्याचा काळ मोजावा. १४४ दात्यांच्या चक्रास फिरविणारे मळसूत्र सुमारे १० मिनिटांत एक फेरा घेते. काळ तेवढाच भरला, तर दोष मळसूत्राच्या घडणीत आहे. गती एका बाजूस सुरळीत व दुसऱ्या बाजूस अडखळत असल्यास प्रतिभार सरकवून तोल साधावा. विद्युत्-दाब चलित्र चालू असतानाच मोजावा, कारण थकलेली बॅटरी भार पडेपर्यंत ठणठणीत भासते.

तारा उत्तरेस वा दक्षिणेस सरकू लागला, तर चलित्र निर्दोष असून अक्षाची मांडणी चुकलेली असते. अक्षाचा क्षितिजाशी होणारा कोन स्थळाच्या अक्षांशाइतका हवा: पुण्यास सुमारे १८½ अंश, रायपूरला २१¼. कावसजी नेगमवाला यांच्या देखरेखीखालील पुण्याची महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा १९१२ मध्ये बंद झाली आणि तिची २० इंची दुर्बीण कोडईकनालला गेली. तेथील अक्षांश १०¼ अंश. अक्ष आठ अंशांनी खाली उतरविल्याखेरीज त्या नामांकित दुर्बिणीलाही तेथे तारा धरता आला नसता.

ध्रुवतारा स्वतःच ध्रुवापासून अर्ध्या अंशाहून अधिक दूर आहे, म्हणून केवळ त्याच्याकडे अक्ष रोखणे पुरेसे नाही. याम्योत्तर वृत्ताजवळचा, विषुववृत्तावरील तारा पाहावा. तो दक्षिणेकडे सरकला, तर अक्ष ध्रुवाच्या पूर्वेस आहे. उत्तरेकडे सरकला, तर पश्चिमेस. नेत्रिकेत दिशा फिरलेल्या असल्याने नळी उत्तरेकडे किंचित लोटून पाहावी. तारा ज्या कडेकडे जाईल ती दक्षिण.